तिरडीवरून उठून घरी आलेल्या गीताबाईचं मृत्युपत्र

मी, गीताबाई महादू वेखंडे, वय वर्षे बहात्तर, धंदा शेती, राहणार मौजे सावरखांड, किन्हवलीजवळ, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवते. हात माझ्या नातीचा, कुणालीचा आहे, शब्द माझे आहेत. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब मानणारी असते तर हे लिहायची वेळच आली नसती. डोकं ठिकाणावर आहे. किन्हवलीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?" मी वार सांगितला, तिथी सांगितली आणि त्यांच्या दवाखान्याचा नळ गळतोय हेही सांगितलं.

आणखी एक गोष्ट मला लिहावी लागते, जी मृत्युपत्रात कोणी लिहीत नाही. हे लिहून देताना मी जिवंत आहे. ते शाबीत करायची पाळी माझ्यावर का आली, ते आधी सांगते, म्हणजे पुढची कलमं वाचणाऱ्याला उमजतील.

काही वर्षांपूर्वी आसनगावचा किशोर आमच्या गावात सिनेमा काढायला आला. पोरगा शिकलेला, पण पायात चप्पल झिजलेली. गोष्ट एका म्हातारीची होती. ती कोणाचं ऐकत नाही आणि शेवटी मरते. मुंबईहून आणलेल्या बाईंनी सगळं मान्य केलं, फक्त तिरडीवर झोपायला नाही म्हणाल्या आणि गाडीत बसून परत गेल्या. किशोरने मग गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं. एकजात सगळ्यांनी कानाला हात लावले. मी हो म्हणाले.

का म्हणाले, ते आजवर कोणी विचारलं नाही, म्हणून इथे लिहिते. आमच्यात बाई मसणात जात नाही. माझा नवरा महादू गेला तेव्हा त्याला अंगणातून उचललं आणि मला बायकांनी खांबाशी धरून ठेवलं. ज्याच्याबरोबर जन्मभर चिखल तुडवला, त्याला कुठे ठेवलं, कसं ठेवलं, मला ठाऊक नव्हतं. ती वाट मला बघायची होती. सरळ चालत जाऊ दिलं नसतं, म्हणून आडवी गेले.

किशोरला सगळं खरं हवं होतं. बांबू खरे, कुंभाराकडचं मडकं खरं, खांदेकरी माझीच भावकी. पुढचा उजवा खांदा माझा धाकटा दीर देवजी याचा. देवजी आमच्या भावकीचा कारभारी आहे. मडकं धरायला माझा मुलगा कुंडलिक. कॅमेरा लांब टेकाडावर होता, त्यामुळे खांदेकऱ्यांना वाटलं, ऐकतंय कोण. ऐकत मी होते.

"वैनी जड झाली रे," देवजी म्हणाला.

"पाय उचला रे, मला लोकल गाठायचीय," मागचा म्हणाला.

"मरताना पण टाइम खाते," तिसरा म्हणाला.

मला हसू आलं, पोट हललं, आणि किशोरने सगळ्यांना परत अंगणातून यायला लावलं. अशी मी त्या वाटेने एकाच सकाळी पुन्हा पुन्हा गेले. जिथे टेकवलं तिथे डोळे किलकिले करून वर बघितलं. जांभळाची मोठी फांदी होती, खाली ओढ्याचं पाणी वाजत होतं. महादूला सावलीत ठेवलं होतं तर. मला खूप बरं वाटलं. सिनेमात माझ्या तोंडावर जे समाधान दिसतं आणि ज्याचं दिल्लीपर्यंत कौतुक झालं, ते तेवढंच आहे.

चूक त्यानंतर झाली. किशोरने कुंडलिकला बजावलं होतं, दोन फेऱ्यांवर थांब, मडकं फोडायचं नाही. कुंडलिकला सकाळपासून रडू येत नव्हतं, डोळ्यांत औषध घालून झालं होतं. शेवटच्या वेळी मडक्यातून पाण्याची धार लागली, तो माझ्या पायाशी आला आणि काय झालं कोण जाणे, त्याला खरं रडू फुटलं. तो थांबला नाही. तिसरी फेरी पुरी केली, मडकं खांद्यावरून मागे टाकून फोडलं आणि तोंडावर हात मारून "आई" म्हणून बोंब ठोकली. ते सिनेमाचं रडणं नव्हतं. माझे डोळे मिटलेले होते, पण आईला कळतं. मी उठले आणि पदराने त्याचं तोंड पुसलं. उठायला नको होतं असं देवजी म्हणतो. मी म्हणते, पोरगं रडत असताना कोण पडून राहील?

त्या संध्याकाळी देवजी ओटीवर म्हणाला, "विधी पुरा झाला. आता ही बाय मेलेली का जिती?" लोक हसले, चहा प्यायले आणि विषय मिटला. निदान मला तसं वाटलं.

मग सिनेमाला आणि मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सर्वोत्कृष्ट अभिनेत्री. मी आणि कुणाली दिल्लीला गेलो. सोहळ्याच्या आधी तालीम असते हे मला तिथे कळलं. एका साहेबांनी सगळ्या विजेत्यांना शिकवलं, डावीकडून या, खुणेवर थांबा, नमस्कार करा, पदक घ्या, कॅमेऱ्याकडे बघा, उजवीकडून जा. मोठमोठे नट खाली बघून खूण शोधत होते. दारावरच्या शिपायाने माझी पानाची चंची काढून घेतली. माझ्या शेजारी मणिपूरची एक बाई बसली होती, तिला कपड्यांच्या कामाचा पुरस्कार होता. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला येत नव्हती. तिने पदराआडून सुपारीचं खांड काढून माझ्या हातावर ठेवलं. तिची चंची शिपायाला सापडली नव्हती. पुरस्कार दोघींना होता, पण हुशारीचा पहिला नंबर तिचा.

मग माझं नाव पुकारलं. गीताबाई महादू वेखंडे. एवढ्या मोठ्याने पुकारलं की मागून कोणी दुसरी येते का म्हणून मी वळून बघितलं. माझं नाव जन्मभर कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं. सासू गो म्हणायची, नवरा अगं म्हणायचा, मुलं आई म्हणायची. माझं जन्माचं नाव जना. मुरबाडकडच्या वैशाखरे गावची मी. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने गीता काढलं आणि मी गीता झाले. मला कोणी विचारलं नाही. पण त्या नावाने मी राबले, पोरं वाढवली, नवरा गमावला, आणि ते नाव माझं केलं. दिल्लीत ते पुकारलं तेव्हा मी खूण चुकले आणि भलतीकडे जाऊन उभी राहिले. पदक देणारे दोन पावलं चालत माझ्याकडे आले. टाळ्या थांबेचनात.

परत आले तर किन्हवलीच्या एसटी थांब्यावर देवजीने फलक लावला होता. त्यात माझा फोटो होता. देवजीचा त्याहून मोठा होता. त्याच आठवड्यात त्याला त्याच्या माळावर जायला माझ्या शेतातून वाट हवी झाली, कारण तो माळ फार्महाऊससाठी कल्याणच्या पार्टीला द्यायचा होता. शहापूरच्या कचेरीच्या पायऱ्या त्याने मला हाताला धरून चढवल्या. "सांभाळून गो वैनी, तूच आता आमची आई," म्हणाला. मी संमतीच्या कागदावर सही केली. घरचा माणूस आहे, चालू दे त्याची गाडी, असं वाटलं. तेव्हा मी जिवंत होते.

पुढच्या वैशाखात कुंडलिकचा मुलगा आणि कुणालीचा भाऊ, माझा नातू स्वरूप याचं लग्न ठरलं. पत्रिका छापून आल्या आणि देवजीच्या ओटीवर भावकी बसली. ठराव लिहिला गेला तो असा, की गीताबाईचा विधी झालेला आहे, मडकं फुटलेलं आहे, मेलेल्या बाईला मांडवात घेता येत नाही. तोड पण त्यांनीच काढली. मला पुन्हा जन्माला घालायचं. पेंढ्यावर निजवायचं, मुठी मिटून सुपाजवळ ठेवायचं, टाळूला तेल आणि तोंडात दुधाचा थेंब घालायचा. देवजीची बायको मैना माझी आई होणार. मग माझं बारसं करून नवं नाव ठेवायचं आणि भावकीला जेवण घालायचं. जुनं नाव पुन्हा कोणी घ्यायचं नाही.

कुंडलिक माझ्याजवळ येऊन बसला. "आई, एका दिवसाची तं गोष्ट हाय. करून टाक ना गो."

"तेल घाला, दूध घाला," मी म्हटलं. "नाव नाय देनार."

"नावात काय हाय?"

"तुला हाक मारायला आई हाय. मला माझं नाव तेवढंच हाय."

"भावकी मांडवात नाय आली तर पोरीकडचे काय म्हनतील?"

मी उठून चुलीत लाकूड सारलं. लग्न माझ्यावाचून शहापूरच्या हॉलमध्ये झालं. कुणालीने करवलीचा मान सोडला आणि माझ्याजवळ बसून राहिली. मी तिला हाकललं, ती गेली नाही. वरच्या ठाकूरवाडीतली माझी मैत्रीण सकुबाई रानभाजी घेऊन आली, तिला मी सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "गो गीता, तू मेलीस, तं मंग ही चाय कोन पितं?" त्या दिवशी मी तेवढं एकदाच हसले. नातवाच्या डोक्यावर अक्षता टाकता आल्या नाहीत याचं दुःख मला आहे, आणि ते दुःख आहे असंच मी लिहिते, त्याला दुसरं नाव देत नाही.

कुणाली म्हणते, असं वाळीत टाकणं हा आता गुन्हा आहे, पोलिसात जाऊ. मी नको म्हटलं. पोलीस मला मांडवात बसवतील, पण शेजारी कोणाला बसवतील? तेव्हापासून देवजीने गावात सांगून ठेवलं आहे, की एका माणसाला दोन तिरड्या नसतात. मी नव्याने जन्म घेतला नाही तर मी मरेन तेव्हा भावकीचा खांदा मिळणार नाही, आणि कुंडलिकने मडकं धरलं तर त्यालाही बाहेर काढतील. म्हणून माझी व्यवस्था मी करते, ती अशी.

कलम १. घर. राहतं घर कुंडलिकचं. त्याने त्यात बायकोसह सुखाने राहावं. परंतु उगवतीकडची खोली कुणालीची राहील, तिचं लग्न होवो न होवो, आणि त्या खोलीचं अंगणात उघडणारं दार कोणी बुजवू नये. ती आसनगावहून रोज लोकलने कामाला जाते, दमून येते. तिला परत यायला स्वतःचं दार असावं.

कलम २. जमीन. भाताची खाचरं कुंडलिकला. भात न पिकणारा वरकस माळ आणि त्यावरचे आंबे कुणालीला. सगळ्यात वरचा आंबा चवीला आंबट आहे, पण लोणच्याला त्याच्यासारखा नाही. तो आंबट म्हणून तोडायचा सल्ला देवजी देईल. ऐकू नये.

कलम ३. भांडी आणि अवजारं. माझा भाकरीचा तवा नातसुनेला, वेगळं बिऱ्हाड केलेल्या स्वरूपच्या बायकोला. मी तिला अजून एक भाकरी करून घातलेली नाही. तिचा यात काही दोष नाही, ती परक्या घरातून आली आणि आल्या दिवशीच तिला सांगितलं गेलं की सासूची सासू मेलेली आहे. तिने एकदा मागच्या दाराने येऊन माझ्या पाया पडून घेतलं होतं, ते मी विसरलेले नाही. विळे, खुरपी आणि पाटा ज्याला वापरायचा असेल त्याने न्यावा. वापरायचा नसेल त्याने आठवण म्हणून नेऊ नये.

कलम ४. पदक. रजत कमळ कुणालीकडे राहील. देवजीने ते ग्रामपंचायतीत काचेच्या कपाटात ठेवायचं मनात आणलं आहे, आणि किल्ली कोणाकडे असेल हे मला ठाऊक आहे. पदक कपाटात ठेवू नये, तिजोरीतही ठेवू नये. जो बघायला येईल त्याच्या हातात द्यावं. पोरांनी दाताने चावून बघितलं तरी चालेल, मीही बघितलं आहे. ते देताना दिल्लीत ज्या बाईचं नाव वाचलं गेलं तिचं नाव बदललेलं नाही, एवढं प्रत्येकाला सांगावं. सोहळ्यातली शाल सकुबाईला, थंडीत पांघरायला. चौकटीत घालायला नाही.

कलम ५. माझी अंत्ययात्रा. भावकी खांदा देणार नसेल तर हरकत नाही. माझी तिरडी बायका नेतील. सकुबाई, कुणाली, अंगणवाडीची पारू आणि ज्या येतील त्या. अंगणापर्यंत नाही, खांबापर्यंत नाही, थेट जांभळाखालपर्यंत. वाट मी बघून आले आहे, अवघड नाही. ओढ्याजवळ तेवढं घसरडं आहे, तिथे पाय जपून टाकावा. वाटेत बायकांनी गप्प राहू नये. पुरुष बोलतात, मी ऐकलं आहे. भाजीचा भाव, सुनांची गाऱ्हाणी, लोकलचा टाइम, काय वाटेल ते बोलावं. आणि ज्या बाईला तिथे पोचल्यावर आपला माणूस कुठे ठेवला होता ते बघायचं असेल तिला बघू द्यावं, घाई करू नये.

कलम ६. कुंडलिक. बाळा, हे कलम तुझ्यासाठी आहे, दुसऱ्यांनी वाचलं तरी चालेल. तू तुझं काम केलं आहेस. तीन फेऱ्या केल्यास, मडकं फोडलंस, बोंब मारलीस, आणि मी ती ऐकली. दुसऱ्या कुठल्या आईला ती ऐकायला मिळाली नसेल. तेव्हा तुला पुन्हा मडकं धरायची सक्ती नाही, आणि त्यासाठी तुला कोणी बाहेर काढायचं कारण नाही. लग्नाचा राग होता, तो आता नाही. राग कमी व्हावा म्हणून मी काही केलं नाही, तो आपणच गेला. यावंसं वाटलं तर ये. मडकं घेऊन येऊ नको, मोकळ्या हाताने ये, म्हणजे खांदा देता येईल. तेराव्याचं जेवण भावकीने मागू नये. त्यांच्या हिशेबाने ते सिनेमाच्या वेळीच व्हायला हवं होतं, आता ते शिळं झालं.

कलम ७. देवजी सोनू वेखंडे. माझ्या दिराला मी वस्तू काही ठेवत नाही, फक्त दोन गोष्टींतली एक निवडायची मुभा ठेवते. भावकीच्या म्हणण्याप्रमाणे मडकं फुटलं त्या दिवशी मी मेले. वाटेच्या कागदावर सही मी त्यानंतर केली. मेलेल्या बाईची सही चालत असेल असं मला वाटत नाही. तेव्हा देवजीचं म्हणणं खरं असेल, तर ती वाट झालीच नाही, आणि कुणाली हे मृत्युपत्र व भावकीचा ठराव दोन्ही घेऊन शहापूरच्या कचेरीत जाईल. साहेब काय म्हणायचं ते म्हणोत. कल्याणची पार्टी काय म्हणेल ते देवजीला चांगलं ठाऊक आहे.

आणि वाट खरी असेल, तर मी त्या दिवशी जिवंत होते, आजही आहे, आणि मला सुपाजवळ निजवून पुन्हा जन्माला घालायचं कारण नाही. तसं देवजीने स्वतःच्या हाताने लिहावं. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक सकुबाई आहे. दुसरी जागा मी मोकळी ठेवली आहे. ती त्याने भरली तर वाट त्याची, माझी काही तक्रार नाही, आणि कलम ५ मधला पुढचा उजवा खांदाही त्याचाच. मी जड आहे हे त्याला माहीतच आहे.

हे सर्व मला वाचून दाखवलं, मी ऐकलं, एका ठिकाणी कुणालीने "कृपया" घातलं होतं ते काढायला लावलं, आणि समजून सही केली. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. यापूर्वी मी मेलेही नाही.

ठिकाण: सावरखांड, माझ्या घराची ओटी
दिनांक: १८ जानेवारी २०२६

सही: गीताबाई महादू वेखंडे
(वैशाखऱ्याची जना)

साक्षीदार १: सकुबाई, राहणार ठाकूरवाडी. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. तिने सांगितलं तसं लिहिलं: "मी तिच्या बाजूला बसलेली हाय. तिनं माझ्यासमोर सही केली."

साक्षीदार २: (स्वहस्ते)

मी, देवजी सोनू वेखंडे, लिहून देतो की माझी वहिनी गीताबाई हिने माझ्यासमोर सही केली. वहिनी आज जिवंत आहे. त्या दिवशीही होती. मेलेलं माणूस एवढं भांडत नाय.